गोष्टीत नसलेली माणसे

गेल्या उन्हाळ्यात आमची नात सुटीसाठी पुण्याहून आली, तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा पुस्तकांचे वजन अधिक होते. गुलबर्ग्याच्या (शासनदरबारी २०१४ पासून कलबुर्गी, आमच्या जिभेला अजून वळण लागायचे आहे) वैशाखात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. त्यामुळे ओसरीवरचा झोपाळा तिच्या ताब्यात आणि आरामखुर्ची आमच्या, अशी वाटणी झाली होती. एका दुपारी तिने पुस्तकातून मान वर केली आणि विचारले, "अज्जा, डम्बलडोरला बायका नाही, पुरुष आवडायचे, हे खरं का? आमच्या वर्गातली एक मुलगी सांगत होती."

पस्तीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला अडचणीचा प्रश्न टाळण्याचे शास्त्र चांगले अवगत असते. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "आंबे कापून ठेवलेत, ऊठ आधी."

तिने आंबे खाल्ले आणि प्रश्न विसरूनही गेली असावी. आमच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

ज्यांच्या घरी नातवंडांचा वावर नाही अशा वाचकांसाठी सांगायचे, तर डम्बलडोर हे हॅरी पॉटर या इंग्रजी कथामालेतील जादूच्या शाळेचे वृद्ध मुख्याध्यापक. लांब पांढरी दाढी, अर्धचंद्राकृती चष्मा आणि अगाध विद्या. आपल्याकडचे वसिष्ठ आणि एखादे मिस्कील काका यांची बेरीज करावी, तसे हे पात्र आहे. मालेतील पहिले पुस्तक १९९७ साली आले आणि सातवे, अखेरचे, २००७ च्या जुलैमध्ये. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही पुस्तके मराठीतही आणली आहेत. शेवटचे पुस्तक येऊन तीन महिने झाल्यावर, १९ ऑक्टोबर २००७ रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लेखिका जे. के. रोलिंग यांना एका वाचकाने विचारले, की डम्बलडोर कधी कुणाच्या प्रेमात पडले होते का? लेखिकेने उत्तर दिले, की आपण त्यांना नेहमीच समलिंगी मानत आलो. ग्रिंडेलवाल्ड नावाच्या बुद्धिमान तरुणावर त्यांचे प्रेम होते आणि त्या प्रेमाने त्यांना आंधळे केले होते.

त्यावर जगभर जो गदारोळ झाला तो मोठा मनोरंजक आहे. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर काही पालक संतापले, की मुलांच्या गोष्टीत हे कशाला? दुसऱ्या बाजूचे काही लोकही तितकेच रागावले. त्यांचे म्हणणे असे, की हे जर खरे होते, तर सात जाडजूड ग्रंथांत त्याविषयी एक स्पष्ट वाक्य का नाही? पुस्तके विकून झाल्यावर सभेत सांगण्यात कसले आले धाडस? आम्हाला स्वतःला हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. गोष्टीतले सत्य गोष्टीत असावे. फाइल बंद झाल्यावर तिला पुरवणी टिपण जोडणाऱ्या अधिकाऱ्याकडे आम्ही नोकरीत असतानाही संशयानेच पाहत असू.

परंतु पहिला आक्षेप, जो आमच्याही मनात त्या दुपारी आंब्यांच्या रूपाने प्रकट झाला, त्याचा विचार करणे अधिक आवश्यक आहे. दहा वर्षे कोट्यवधी मुलांनी या म्हाताऱ्यावर माया केली होती. १८ ऑक्टोबरचा डम्बलडोर आणि २० ऑक्टोबरचा डम्बलडोर यांच्यात नेमका कोणता फरक पडला? त्याचे शहाणपण तेच आणि त्याच्या चुकाही त्याच. मग जो गुरु म्हणून चालत होता, तो एका रात्रीत मुलांसाठी अयोग्य कसा ठरला? ज्या पालकांना तो आता नकोसा झाला, त्यांना पुस्तकातली एकही ओळ दाखवता आली नसती. कारण आक्षेपार्ह म्हणावी अशी ओळ त्यांत नव्हतीच. मग आक्षेप कृतीला नव्हता, वर्णनालाही नव्हता. तो असण्यालाच होता. असा माणूस मुलांच्या गोष्टीत असूच नये, असा त्याचा अर्थ होतो.

यावर कुणी म्हणेल, की मुलांच्या गोष्टींत प्रेमबीम मुळात असूच नये, मग ते कुणाचेही असो. हे म्हणणे ऐकायला सात्त्विक आहे, पण खरे नाही. आमचे बालपण 'चांदोबा'वर पोसले गेले. त्यातील किती राजपुत्रांनी किती राजकन्यांसाठी किती राक्षस मारले, आणि गोष्टीच्या अखेरीस किती विवाह थाटामाटात पार पडले, याची मोजदाद करायला सांख्यिकी खात्याची मदत घ्यावी लागेल. नल-दमयंती, सावित्री-सत्यवान, उषा-अनिरुद्ध ही सगळी प्रेमेच होती, आणि आमच्या आज्जीने ती आम्हाला वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी निःसंकोच सांगितली. तेव्हा अडचण प्रेमाची नाही, एका विशिष्ट प्रेमाची आहे, एवढे तरी प्रामाणिकपणे कबूल करायला हवे.

दुसरी भीती अशी, की वाचून मुले तशी होतील. येथे आम्हाला आमच्या शाळेतील एका सोबत्याची आठवण होते. नाव अर्थातच देत नाही. त्याची बैठक आमच्या शेजारी होती. तो रांगोळी सुरेख काढी, आवाज हळू, चालणे मऊ. गणेशोत्सवातल्या नाटुकल्यांत स्त्रीभूमिका त्याच्याकडे ठरलेली. आणि ज्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी बालगंधर्वांचे प्रयोग पाहण्यासाठी सोलापूरपर्यंत प्रवास केला होता, तेच रंगमंचावरून उतरलेल्या या पोराला 'बायल्या' म्हणत. वर्गात त्याला याहून वाईट नाव होते. ते आम्ही ठेवले होते. चांगले चपखल बसले म्हणून आम्हाला त्याचा अभिमानही वाटत असे. एस.एस.एल.सी.च्या वर्षी तो शाळेत यायचा थांबला, घरच्यांनी त्याला परगावी नातेवाइकांकडे पाठवले असे कळले, आणि आम्ही त्याला विसरलो.

हा मुलगा आमच्याइतकाच 'चांदोबा' वाचत होता. अंक आला की आम्ही दोघे तो एकमेकांच्या हातून ओढून घेत असू. शेकडो राजकन्यांची शेकडो लग्ने त्याच्या डोळ्यांखालून गेली, आणि त्याच्यात कसलाही बदल झाला नाही. गोष्टी वाचून माणसाचा कल ठरत असता, तर त्याचे आयुष्य फार सोपे झाले असते.

पुढे तीस-बत्तीस वर्षांनी सोलापूर स्थानकावर तो अकस्मात भेटला. गाडीला दीड तास उशीर होता. शाळेच्या, मास्तरांच्या गप्पा झाल्या. मग त्याने सहज सांगावे तसे सांगितले, की त्या दिवसांत आपण विराटपर्व पुनःपुन्हा वाचत असू, बृहन्नडेसाठी. पण दर वेळी शेवटी पंचाईत होई. अर्जुन बांगड्या उतरवून पुन्हा धनुष्य हाती घेतो. "त्याची एका वर्षाची अडचण होती. माझी बारा महिन्यांत संपणारी नव्हती," असे तो म्हणाला आणि हसला. आम्ही त्याला ठेवलेल्या नावाचा विषय त्याने काढला नाही. आम्हीही काढला नाही. दीड तास पुरेसा होता, तरी काढला नाही.

आपल्याकडे हे सगळे पूर्वीपासून आहेच, त्यात नवे काय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते काही खोटे बोलत नाहीत. शिखंडी आहे, बृहन्नडा आहे, मोहिनी आहे. पंढरीच्या पुरुषदेवाला आपण माउली म्हणतो, विठाबाई म्हणतो. आमच्याच मुलखात, शोरापूर तालुक्यातील मुदनूरचे विणकर संत देवर दासिमय्या यांचे एक वचन कन्नड शाळेत शिकलेल्या कुणालाही ठाऊक असते. शरीरावरच्या खुणा पाहून लोक बाई म्हणतात, पुरुष म्हणतात. आत वावरणाऱ्या जीवाला मात्र ते दोन्ही शब्द लागू पडत नाहीत, असा त्याचा आशय आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगप्पा साडी नेसून, डोईवर देवीचे जग घेऊन आपल्या आळीत येत, तेव्हा आमची आज्जी सुपात जोंधळे घेऊन त्यांच्या पाया पडत असे. त्याच परंपरेतील मंजम्मा जोगती २०१९ साली कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तथापि या अभिमानात दोन गफलती आहेत. पहिली अशी, की बाईच्या वेशातला वा बाईच्या मनाचा पुरुष ही एक गोष्ट, आणि पुरुषाने पुरुषावर वा स्त्रीने स्त्रीवर प्रेम करणे ही दुसरी. आपण दोहोंची एकच मोट बांधतो. डम्बलडोरमध्ये बायकी असे काहीच नाही; आणि रांगोळी काढणारा प्रत्येक मुलगा पुरुषावर प्रेम करील असेही नाही. पुराणांनी पहिल्या प्रकाराला थोडी जागा दिली, दुसऱ्याला जवळपास नाहीच. दुसरी गफलत अधिक लाजिरवाणी आहे. शिखंडी आणि बृहन्नडा ही नावे मराठीत आपण कशी वापरतो, ते आठवून पाहावे. ती शिव्या म्हणून वापरतो. ग्रंथात पूज्य आणि चव्हाट्यावर शिवी, अशी त्यांची अवस्था आहे. मुले ग्रंथापेक्षा चव्हाट्यावर अधिक शिकतात.

या विषयात आमचे मराठी मन सर्वांत अधिक कुठे दिसते, तर ते 'श्यामची आई'त. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातली पहिलीच रात्र आहे सावित्री-व्रताची. आई आजारी आहे. वडाला प्रदक्षिणा घालण्याचे तिचे काम ती श्यामला सांगते. श्याम लाजतो. तिथे सगळ्या बायका असणार, त्या हसतील, शाळेतली मुले चिडवतील. आई त्याला समजावते, की लाज वाईट कामाची धरावी, देवाच्या कामाची नव्हे. आणि श्याम जातो. हे पुस्तक समलिंगी माणसांविषयी नाही आणि तसा अर्थ काढणे हा वात्रटपणा होईल. पण मराठी घरांत सर्वाधिक मायेने वाचल्या गेलेल्या पुस्तकाचा आरंभ एका मुलाने बायकांचे समजले जाणारे काम करण्याने होतो, आणि त्याच्या भीतीचे नाव 'लोक हसतील' असे आहे, हे आमच्या ध्यानात साठी उलटल्यावर आले. आम्ही ते पुस्तक त्या सोबत्याच्याच बाकावर बसून वाचले होते. दोघांचेही डोळे पाणावले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारली असणार, यात शंका नाही.

मोठ्यांच्या साहित्यात मराठी मागे राहिलेली नाही. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' २००५ ची, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. आपल्या शेजारच्या बळ्ळारी जिल्ह्यातील संडूरचे वसुधेंद्र यांचा 'मोहनस्वामी' हा कथासंग्रह २०१३ साली कन्नडमध्ये आला, आणि आमच्यासारख्या दोन्ही भाषा वाचणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. पण ही पुस्तके हाती येईपर्यंत वाचक विशीचा होतो, आणि नावे ठेवली जातात ती बाराव्या वर्षी. किशोरांसाठी इंग्रजीत हिमांजली शंकर यांची 'टॉकिंग ऑफ मुस्कान' ही कादंबरी २०१४ मध्ये आली. तिच्यात शाळेतली एक मुलगी जीव देण्याचा प्रयत्न करते आणि तिचे वर्गमित्र आपापल्या बाजूने ती हकीकत सांगतात. म्हणजे गोष्ट चिडवलेल्या मुलीची तशीच चिडवणाऱ्यांचीही आहे. मराठीत कुमारांसाठी अशी कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही.

मध्यंतरी काही परदेशी चित्रकथा आम्ही मागवून वाचल्या. सगळ्याच चांगल्या आहेत असे म्हणवत नाही. काहींत ते पात्र माणूस नसतेच, समजूतदारपणाचा धडा देण्यासाठी उभे केलेले बुजगावणे असते, आणि शेवटी सगळी मुले टाळ्या वाजवतात. असल्या गोष्टी मुले बरोबर ओळखतात आणि बाजूला टाकतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातील दोन नर पेंग्विनांनी एक पिल्लू वाढवले, त्या खऱ्या हकीकतीवरचे २००५ चे पुस्तक मात्र आम्हाला आवडले, कारण त्यात उपदेश नाही. तेच पुस्तक २०१४ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तक्रारीवरून नष्ट करायचे ठरवले. ओरड झाली तेव्हा ते वाचले आणि मोठ्यांच्या कपाटात जाऊन बसले. इंग्लंडमध्ये एका मुलीच्या दोन वडिलांविषयीच्या छोट्याशा चित्रपुस्तकावरून वादळ उठले आणि १९८८ साली थेट कायदाच झाला. तो पुरता रद्द व्हायला २००३ साल उजाडले. हंगेरीत २०२० मध्ये एका महिला खासदाराने परीकथांचे पुस्तक यंत्रात घालून त्याच्या चिंध्या केल्या. आपल्याकडे एवढे नाट्य होत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एन.सी.ई.आर.टी.ने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. बाल हक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून दिसेनाशी झाली.

ही दिसेनाशी होण्याची रीत आम्ही आतून पाहिली आहे. सेवेच्या अखेरच्या वर्षांत, एका वाचनालयातील बालविभागातल्या पुस्तकाविषयीचा तक्रारअर्ज आमच्या टेबलावर आला. कथेतल्या मुलाला बहिणीचा परकर-पोलका घालावासा वाटतो, एवढाच मजकूर आक्षेपार्ह होता. पुस्तक मागवून वाचायला वीस मिनिटे लागली असती. आम्ही समासात लिहिले, 'तूर्त वाटप थांबवावे.' ज्यांनी सरकारी कचेरी पाहिली आहे त्यांना 'तूर्त' या शब्दाचे आयुर्मान ठाऊक आहे. पुस्तक जाळले नाही, फाडले नाही, बंदी घातली नाही. फक्त एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले, आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणी विचारले नाही.

पालकांचा हक्क हा यातला खरा अवघड भाग आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जूनमध्ये मेरीलँडमधील पालकांच्या बाजूने कौल दिला: धार्मिक श्रद्धेला बाधा येत असेल, तर अशा गोष्टी वाचल्या जात असताना आपल्या मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा त्यांना मिळाली पाहिजे. आम्ही स्वतः देवपूजा करणारे, गाणगापूरची वारी न चुकवणारे गृहस्थ आहोत. आपल्या मुलाला कोणती गोष्ट कोणत्या वयात सांगावी हे प्रथम घराने ठरवावे, असेच आम्हाला वाटते. पण आमच्या टेबलावरचा तो अर्जदार स्वतःच्या मुलासाठी परवानगी मागत नव्हता. ती त्याला विनाअर्ज होतीच. त्याला ते पुस्तक शेजाऱ्याच्या मुलाच्या हाती पडायला नको होते. आणि शेजाऱ्याचा मुलगा कोण आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते. कदाचित आमच्या बाकावर बसणारा तोच असेल, चाळीस वर्षांनंतरचा.

मुलाच्या निरागसपणाचे रक्षण करावे, असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर एकच मूल असते, ज्याला अजून काही ठाऊक नाही. ज्याला स्वतःविषयी काहीतरी ठाऊक झाले आहे पण त्याला शब्द सापडत नाही, ते मूल त्याच वर्गात असते आणि तेही निरागसच असते. एकाच्या अज्ञानाचे मोल दुसऱ्याच्या एकटेपणातून वसूल करावे का, हा प्रश्न आम्हाला न्यायाचा वाटतो, आवडीनिवडीचा नव्हे. र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'मधील ज्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा होता. समलिंगी संबंधांविषयीचे उत्तरही त्यांत होते. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे होते. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका न्यायालयाने मानली नाही आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्यालाही आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले. २०२३ मध्ये विवाहाचा हक्क मात्र नाकारला. मधल्या काळात प्रश्न विचारणारे बदलले, उत्तर टाळण्याच्या तऱ्हा बदलल्या. कर्वे दंड भरूनही उत्तर देत राहिले. आम्ही आंबे कापले.

दिवाळीत नात पुन्हा आली. या वेळी विषय आम्हीच काढला; आमची मंडळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. आम्ही सांगितले, की होय, लेखिकेने तसे म्हटले आहे. काही पुरुषांना पुरुष आवडतात, काही बायकांना बायका. आपल्या गावातही असे लोक आहेत आणि आमच्या वर्गातही बहुधा एक होता. त्याला आम्ही वाईट वागवले, हेही सांगितले. ते सांगणे सर्वांत अवघड गेले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अज्जा, पहिल्या पुस्तकात तो आरसा आहे ना, ज्यात आपल्याला मनातून सगळ्यात जास्त हवं ते दिसतं? हॅरी विचारतो, तुम्हाला काय दिसतं? तर डम्बलडोर म्हणतो, लोकरीचे मोजे."

"मग?"

"मग खोटंच बोलला ना तो. मोजे कुणाला एवढे हवे असतात?"

"थंडीच्या देशातला आहे," आम्ही म्हणालो.

तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की आम्ही चष्मा काढून पुसायला घेतला. "हॅरीलासुद्धा नंतर तसं वाटतंच," ती म्हणाली, "की त्यानं खरं सांगितलं नसेल." आणि खूण घातलेले पान शोधून तिने पुस्तक उघडले.